कल्याणच्या बंदराची नाकेबंदी

युद्धाची बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'कोण जिंकतंय?' हा. टीव्हीच्या पडद्यावर नकाशे येतात, त्यावर लाल-निळे बाण सरकतात आणि घरातली मंडळी चहा पिता पिता सेनापती होतात. त्यात गैर काही नाही. लढाईची गोष्ट माणसाला पूर्वीपासूनच आवडते. पण 'वाट कुणाची अडली?' हा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो सुचतो तेव्हा बहुधा बिल हातात आलेले असते.

तांबड्या समुद्राचेच पाहा. गाझामधले युद्ध पेटल्यानंतर, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, येमेनच्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले. त्यावरच्या २५ खलाशांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडले. जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये जगातल्या बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायला सुरुवात केली. जगाच्या व्यापारापैकी सुमारे १२ टक्के माल ज्या वाटेने जात असे ती वाट ओस पडू लागली. वळशाला साधारण १० ते १४ दिवस जास्त. तेवढे इंधन जास्त, विम्याचा हप्ता जास्त, भाडे जास्त.

हे सारे दूर कुठे तरी घडत होते, असेही नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर 'केम प्लूटो' या रसायनवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळला. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. दोन दिवसांनी ते जहाज मुंबई बंदरात आले. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडले, तीन खलाशी ठार झाले आणि उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवले. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता अशी ही माणसे.

आमच्या डोंबिवलीच्या औद्योगिक विभागात रंग, रसायने आणि कापडप्रक्रिया यांचे कारखाने पुष्कळ. माझ्या ओळखीचे एक छोटे कारखानदार त्या दिवसांत भेटले की एकच हिशेब सांगत. माल तयार आहे, गिऱ्हाईक युरोपात वाट पाहत आहे, पण कंटेनरचे भाडे नफा खाऊन वर मुद्दलात हात घालते आहे. "आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, मग हा दंड आपल्याला का?" असे ते विचारत. प्रश्न रास्त होता. मात्र तो नवा नव्हता. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, याच उल्हास खाडीच्या काठी, कल्याणच्या व्यापाऱ्यांनाही तो पडला असणार. आणि तेव्हाही वाट तीच होती, तांबड्या समुद्राची!

दोन राज्ये, एक खाडी

आपल्या मुलांना हल्ली चीनच्या जुन्या राज्यांची भांडणे ठाऊक असतात. मोबाइलवरचे खेळ आणि मराठी-हिंदीत उतरवलेल्या मालिका यांची ती कृपा. इ. स. पूर्व २६० मध्ये चांगपिंग येथे छिन राज्याच्या सैन्याने झाओच्या फौजेची रसद तोडली आणि ती फौज ४६ दिवस उपाशी राहिली, ही हकिकत एखादा शाळकरी मुलगा तुम्हाला उत्साहाने सांगेल. चीनचे इतिहासकार सु-मा छियन यांनी ती लिहून ठेवली आहे. त्या लढाईचा निकाल तलवारीइतकाच धान्याच्या गाड्यांनी लावला. पण अशीच एक मोहीम आपल्या दाराशी झाली, हे मात्र त्या मुलाला कुणी सांगितलेले नसते.

इ. स.च्या पहिल्या शतकात पैठणचे सातवाहन आणि पश्चिमेकडचे क्षहरात क्षत्रप यांच्यात दख्खनच्या वाटांवरून झुंज सुरू झाली. क्षत्रपांचा राजा नहपान. भडोच हे त्याचे बंदर. नाशिक, जुन्नर, कार्ले या भागावर त्याचा अंमल बसला होता. तिथल्या लेण्यांतले त्याच्या जावयाचे, म्हणजे उषवदाताचे, आणि त्याच्या अमात्याचे शिलालेख आजही ते सांगतात. नकाशा डोळ्यांपुढे आणा. जुन्नर हातात आले म्हणजे नाणेघाटाचा माथा हातात आला. नाणेघाट उतरला की खाली कल्याणचे बंदर. पैठण, तेर या गावांत तयार होणारा माल समुद्राला मिळवणारी ही जवळची वाट.

त्या काळी इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस धंद्यातला होता. कुठे काय विकते, कुठे काय मिळते, कुठे धोका आहे, एवढेच तो सांगतो. कल्याणबद्दल त्याने दोनच ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांत एक अख्खे युद्ध मावले आहे. थोरल्या सरगनसाच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, काळात हे रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे ते संदारेस नावाच्या माणसाच्या हाती गेल्यावर तिथला व्यापार फार अडवला जाऊ लागला. चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे आलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई.

हा संदारेस कोण, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शेवटचा शब्द, भडोच. जहाजे बुडवली जात नव्हती, लुटली जात नव्हती. ती वळवली जात होती. गिऱ्हाईक एका दुकानातून उठवून दुसऱ्या दुकानात नेऊन बसवावे, तसा हा प्रकार. आणि भडोचला तरी सगळे सोपे होते का? नर्मदेचे मुख अरुंद, वाळूचे दांडे, भरती-ओहोटीचा जोर. म्हणून तिथल्या राजाच्या नोकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन जहाजांना सामोरे जात आणि वाट दाखवत त्यांना आत आणत, असे हाच लेखक नोंदवतो. एका हाताने शेजाऱ्याचे बंदर आवळायचे आणि दुसऱ्या हाताने आपल्या बंदरात पायघड्या घालायच्या! आजच्या भाषेत याला आर्थिक युद्ध म्हणतात.

परिणाम काय झाला? तोही त्याच पुस्तिकेत आहे. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या अंतरावर, आणि तेर पैठणपासून पूर्वेला आणखी १० दिवसांवर. तिथले कापड आणि इतर माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. घाट उतरून कल्याणला जाण्याऐवजी हा एवढा वळसा. आफ्रिकेच्या टोकाला जाणारे कंटेनरचे जहाज आणि भडोचची वाट तुडवणारी बैलगाडी यांत फरक एवढाच की एकीत डिझेल जळते, दुसरीत बैलाचा घाम.

दगडावर कोरलेला हिशेब

पुढे पारडे फिरले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याच्या आईने, बलश्रीने, नाशिकच्या पांडवलेण्यात कोरवलेल्या प्रशस्तीत आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे, आणि त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यायले असेही. आईने मुलाचे कौतुक करायचे नाही तर कुणी? शाळेच्या पुस्तकात हे वाचून आपली छाती फुगते, आणि फुगावीही. पण त्याच लेण्यात आणखी दोन लेख आहेत. त्यांच्याकडे फारसे कुणी वळत नाही.

पहिला गौतमीपुत्राच्या राज्यवर्ष १८ मधला. राजा विजयी सैन्याच्या तळावरून हुकूम पाठवतो की, कखडी गावातले २०० निवर्तने शेत, जे पूर्वी उषवदाताकडे होते, ते लेण्यातल्या भिक्षूंना द्यावे. दुसरा लेख राज्यवर्ष २४ मधला, सहा वर्षांनंतरचा. राजा आणि राजमाता कळवतात की, आम्ही दिलेले ते शेत कसले जात नाही, आणि गावात वस्तीही नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी.

गावात वस्ती नाही. गाव का उठले ते लेखात सांगितलेले नाही, आणि मीही त्यात माझे कारण घुसडणार नाही. पण विजयानंतर सहा वर्षे उलटली, राजा पराक्रमी, राजमाता जागरूक, आणि तरीही एक गाव ओस पडलेलेच होते, एवढे तो दगड स्वच्छ सांगतो. तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या घोड्यांइतकीच ही ओळही इतिहासाचा भाग आहे.

असे असले तरी गौतमीपुत्राचे मोठेपण मला दुसऱ्याच एका गोष्टीत दिसते. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूचे नाणे त्याने रद्द करून टाकले नाही. त्याच चांदीवर आपली मोहोर उठवून ते चालू ठेवले.

याचा अर्थ समजण्यासाठी उषवदाताचा एक लेख आठवावा लागतो. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथे विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले होते. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. त्यातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागायचा. बँकेतल्या मुदत ठेवीचाच हा प्रकार! विणकर पैसा वापरणार, कापड विणणार, ते घाटावरून बंदराला जाणार आणि व्याज निघणार. राजा बदलला म्हणून हातातल्या नाण्याची माती झाली असती तर अशा श्रेणी, ठेवीदार आणि विणकरांची घरे, सगळीच बुडाली असती. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारणे म्हणजे प्रजेला दिलेले वचनच होते. भांडण राजाशी होते, तुमच्या चुलीशी नाही.

अर्थात झुंज तेवढ्यावर संपली नाही. पुढे क्षत्रप रुद्रदामनाने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले आणि जवळच्या नात्यामुळे त्याला नष्ट केले नाही, असे इ. स. १५० च्या सुमाराचा जुनागढचा लेख सांगतो. कान्हेरीच्या एका लेखात तर क्षत्रप घराण्यातली मुलगी सातकर्णीची राणी म्हणून येते. लढून दमले, मग सोयरीक जुळली. कल्याणही पुन्हा उभे राहिले. कान्हेरीच्या लेण्यांना दाने देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक कल्याणला भारतातल्या मोठ्या बंदरांत मोजतो. आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी हाती घेतली ती याच खाडीचे मोल ओळखून.

आज काय घ्यावे?

इतिहास आजच्या प्रश्नांची तयार उत्तरे देत नाही. पण बातमी वाचायची नजर देतो. तांबडा समुद्र असो की २०२२ मध्ये युक्रेनच्या धान्याची अडलेली काळ्या समुद्राची वाट असो, तीन गोष्टी मला ध्यानात ठेवाव्याशा वाटतात.

एक, नाकेबंदीला मोठे सैन्य लागत नाही. धास्ती पुरते. हूथींनी सगळी जहाजे बुडवली नाहीत. काहींवर हल्ले केले आणि बाकीची विमा कंपन्यांच्या दरपत्रकाने वळवली. म्हणून ज्या देशाचा व्यापार समुद्रावर चालतो त्याला एकाच वाटेवर विसंबून चालत नाही, आणि नौदलावरचा खर्च हा केवळ मिरवण्याचा खर्च नसतो.

दोन, बंदर म्हणजे नुसते धक्के आणि क्रेन नव्हेत. भडोचचे बंदर कोळ्यांच्या होड्यांवर चालत होते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि तो 'विकासाच्या आड येणारे लोक' म्हणून झटकून टाकणे शहाणपणाचे नाही. किनाऱ्यावरचा माणूस दुखावून उभे केलेले बंदर पहिल्या दिवसापासून अर्धे अडलेले असते.

तीन, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाची. युद्धाचा निकाल लढाईच्या दिवशी लागत नाही, सहा वर्षांनी लागतो. शेत कसले जाते आहे का, गावात वस्ती आहे का, जुने नाणे चालते आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी आली तर कुणी तरी खरोखर जिंकले. गाझाच्या किंवा युक्रेनच्या बाबतीत हे प्रश्न विचारायला आपण आतापासूनच सुरुवात केली पाहिजे. तह कुठे झाला आणि छायाचित्रात कोण हसत होते, याला त्यापुढे फारसे महत्त्व नाही.

पुढच्या सुटीत मुलांना घेऊन पांडवलेण्यात गेलात तर बलश्रीची प्रशस्ती अवश्य दाखवा. तो आपला अभिमानाचा ठेवा आहे. आणि तिथेच, ओस पडलेल्या कखडीचा तो लेखही दाखवा. कौतुकाच्या ओळीनंतर हिशेबाचीही ओळ वाचायची असते, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.