चौकशीचा अहवाल कोणाची अमानत?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीची सोयरीक ठरत होती. मुलाकडच्यांनी एका खासगी गुप्तहेर संस्थेकडून तिची चौकशी करून घेतली आणि नकार कळवला. तो त्यांचा हक्क होता. पण काही महिन्यांनी तोच अहवाल मोहल्ल्यातल्या मोबाईलवर फिरू लागला. तिची ऑफिसची वेळ, मैत्रिणींची नावे, आधी मोडलेला साखरपुडा, सगळे त्यात होते. संस्था सोडून गेलेल्या एका मुलाने तो मित्रांना पाठवला होता. खालांनी कित्येक दिवस घराबाहेर पाऊल टाकले नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे ग्राहकाचा डेटा कोणी, कधी उघडला याची नोंद राहते. नोकरी सोडली की लॉगिन बंद होते. गोपनीयतेचे बंधन मात्र नोकरीनंतरही सुटत नाही.

गुप्तहेरांचे काय? सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांना 2005 च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. गुप्तहेर संस्थांसाठीचे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. 2018 मध्ये लोकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपाखाली ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता.

काही संस्था कर्मचाऱ्यांकडून करार लिहून घेतात, पण तो पैसे देणाऱ्या ग्राहकाचे गुपित राखण्यासाठी. जिची चौकशी झाली, तिला कोणी विचारलेलेच नसते. माझ्या मते कर्मचाऱ्याची पहिली जबाबदारी तिच्याशीच आहे. विचारले तेवढेच शोधावे, काम संपल्यावर प्रत पुसावी, नोकरी सुटल्यावरही तोंड उघडू नये. हे कायद्यात यायला हवे आणि मोडणाऱ्याला शिक्षाही हवी.

पहिले लग्न लपवणारे, पगार खोटा सांगणारे लोक असतात, म्हणून चौकशी करावीच लागते, असे काहीजण म्हणतील. मान्य. पण मग मुलामुलीला समोरासमोर बसवून थेट विचारा ना! सूरह अल-हुजुरातमध्ये हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या दोन्हींची मनाई एकाच आयतीत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मोहल्ल्यात तो अहवाल पुढे ढकलणाऱ्यांनीही ऐकले असणार.

असा अहवाल उद्या तुमच्या मोबाईलवर आला तर? पुढे पाठवू नका. पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला सांगा, ही दुसऱ्याची अमानत आहे.