मनाईची पाटी पुरेशी नाही

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत रविवारच्या मिस्सानंतर काही पालक आम्हांला भेटावयास आले. धर्मग्रामातील मुले-मुली मोबाईल आणि कुणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन घनसावंगीकडच्या पडक्या गढ्या-वाड्यांतून हिंडतात, छायाचित्रे काढतात आणि तिन्हीसांजेला धुळीने माखून घरी येतात, अशी त्यांची तक्रार होती. "फादर, पुढच्या रविवारी वेदीवरून स्पष्ट मनाई करून टाका," ही त्यांची मागणी. आम्ही ती मान्य केली नाही. त्यामुळे काही मंडळी आमच्यावर रुष्ट आहेत. त्यांच्या काळजीविषयी आम्हांला आदर आहे. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय चुकीचाच नव्हे, तर घातक आहे असे आमचे मत आहे.

घातक हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत, कारण तो उपाय आम्ही स्वतः करून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी अशीच मनाई आम्ही वेदीवरून जाहीर केली होती. मुलांनी ती निमूटपणे ऐकली आणि दोन महिन्यांनी चौघे जण चोरून गेले. त्यांतला एक माळवदावर चढला, पायाखालचे लाकूड मोडले आणि तो खालच्या खोलीत कोसळला. मांडीचे हाड मोडले. उरलेले तिघे जवळजवळ दोन तास त्याच्याभोवती नुसते बसून होते. गावात जाऊन कुणाला बोलवावे तर घरी कळेल, आणि घरी कळले म्हणजे फादरांना कळेल, ही धास्ती! अखेर शेळ्या वळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याचे कण्हणे ऐकले, गावातून बाज आणविली आणि त्याला बाहेर काढले. तो मुलगा आता कर्ता झाला आहे, किंचित लंगडतो. त्याला खाली पाडले ते सडलेल्या लाकडाने. पण दोन तास मातीत पडून ठेवले ते आमच्या मनाईने. हा दोष आम्हांला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

मुले तेथे का जातात, हा प्रश्न त्या पालकांपैकी एकानेही विचारला नाही. मराठवाड्यात गढी न पाहिलेला माणूस विरळा. देशमुख, पाटील, जहागीरदार यांच्या ह्या तटबंद वास्तू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पुढच्याच वर्षी हैदराबाद संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या, आणि पुष्कळ घराणी हळूहळू शहरांकडे सरकली. मागे राहिले बुरूज, दिंडी दरवाजे, चौक आणि बळदे. ज्या गावात आपण वाढलो, त्या गावाचा एवढा मोठा भाग रिकामा का, हे जाणून घ्यावेसे वाटणे ही मुलांची उनाडकी नव्हे. आम्हांला तर ते जिज्ञासेचे सुचिन्ह वाटते. घरातील वडीलधाऱ्यांनी ती कथा सांगितली असती, तर कदाचित मुलांना ती भिंतींना विचारावी लागली नसती.

आता वास्तूंविषयी. वास्तू जुनी झाल्याने पडत नाही. तिच्यातील राबता थांबला म्हणजे पडते. माळवदाचेच पाहा. लाकडी तुळया, त्यांवर कड्या आणि फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर. राहते घर असेल तर दर उन्हाळ्यात, मृगापूर्वी, त्यावर नवी माती पसरून ती धोपटून घट्ट केली जाते. ते थांबले की पहिल्याच पावसात पाणी झिरपते. तुळईचे टोक भिंतीत दडलेले असते, तेथेच ओल आणि वाळवी प्रथम पोहोचतात. खालून पाहणाऱ्याला तुळई शाबूत दिसते, वर गवत उगवलेले असते, सारे कसे भक्कम वाटते. पण माणसाचा भार ते सोसत नाही. त्यात गढीची पांढरी माती गावोगावी लोकांनी गाड्या भरभरून नेलेली असते. बुरूज खालून पोखरलेला आणि वरून उभा! त्याच घनसावंगी तालुक्यात जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली त्या गावी झाला. तेथे यात्रेकरू येतात, दिवा लागतो, झाडलोट होते; म्हणून ती जागा नांदती आहे.

आपल्या लोकांना आपल्या घरचेच उदाहरण हवे असेल, तर जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या ख्रिस्तमंदिराकडे पाहावे. पोर्तुगीज सरकारने १८३५ साली तेथील धर्मसंघ बरखास्त केले, संन्यासी निघून गेले आणि १८४२ मध्ये मंदिराचे छत कोसळले. अवघी सात वर्षे! १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा हिस्सा खाली आला. आज उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. ह्याच ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष होते. १६२४ साली शिराझ येथे ती हुतात्मा झाली आणि ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अवशेषांचा काही भाग गोव्यास आणला. तो नेमका कोठे ठेवला, ह्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. तिच्या आधारे पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हैदराबादच्या प्रयोगशाळेने जनुकीय तपासणी केली आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केले. वास्तू गेली, पण नोंद उरली होती, म्हणून हे घडले. पडक्या वाड्याच्या चौकटीचे छायाचित्र काढणारी आमची पोर, तिला ठाऊक असो वा नसो, अशीच नोंद करीत असते.

ह्यावर जो सर्वांत मोठा आक्षेप घेतला जातो, तो आम्ही टाळणार नाही. "मुंबईतल्या शक्ती मिलचे विसरलात काय?" असे एका मातेने आम्हांला विचारले. विसरलो नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी सायंकाळी महालक्ष्मीजवळच्या त्या बंद गिरणीच्या आवारात एक तरुण छायाचित्रपत्रकार आपल्या सहकाऱ्यासह कामासाठी छायाचित्रे काढावयास गेली. सहकाऱ्याला बांधून ठेवण्यात आले आणि तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. तिने तक्रार दिल्यानंतर दुसरी एक तरुणी पुढे आली. त्याच आवारात जुलै महिन्यात तिच्यावरही तोच प्रसंग गुदरला होता. २०१४ साली आरोपी दोषी ठरले. ह्या घटनेवरून मुलींनी घरात बसावे असा बोध काढणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे: पहिल्या अत्याचाराची वाच्यता त्याच दिवशी, निर्भयपणे करता आली असती, तर दुसरा टळला नसता काय? अशा मुलीला आपल्या समाजात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे: "तू तेथे गेलीसच का?" अपराध करणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारीत नाही. शहराच्या मध्यभागी एवढे आवार बेवारस सोडून देणाऱ्यांनाही कुणी विचारीत नाही. मनाई मोडून गेलेली मुलगी संकटातून परतली, तर ती आपल्यापाशी तोंड उघडेल काय, हे मनाई करणाऱ्या प्रत्येक पित्याने स्वतःस विचारावे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुलांना जाऊ द्यावे. मात्र कसे जावे हे शिकवावे. जागा कुणाची तरी असतेच. तिच्या मालकाची संमती घ्यावी आणि ग्रामपंचायतीला व पोलीस पाटलांना आधी सांगावे. गढीत गुप्तधनासाठी खणणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे गावोगाव आहेत; न सांगता आत शिरलेल्या परक्या पोरांवर गावाचा संशय सहज जातो. तेथे कोण बसते-उठते, हेही गावातच कळते. दोघांनी नव्हे, चार-सहा जणांनी, एखाद्या जाणत्यासह जावे. कोठे चाललो आणि कधी परतणार हे घरी सांगावे आणि ऊन असतानाच बाहेर पडावे. पावसाळ्यात व त्यानंतरचे काही आठवडे मातीच्या भिंतींच्या जवळपासही फिरकू नये.

आत गेल्यावर माळवदावर, जिन्यावर, सज्जावर पाय ठेवू नये. तडा गेलेल्या कमानीखाली उभे राहू नये. डोळा कॅमेऱ्यात असताना पाय हलवू नये. गवताने झाकलेला आड आपली वाट पाहत असतो. पेवात उतरू नये. तेथे साचलेली जड हवा माणसाला हाक मारण्याची उसंत देत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे खरी, पण कंदील जळत राहिला म्हणूनही उतरू नये. पायांत बूट व हातात काठी असावी, बिळात वा कोनाड्यात हात घालू नये. सर्प चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणे, मांत्रिक हे काही न करता माणसाला निजवून, न हलविता, जेथे प्रतिविष असेल त्या सरकारी रुग्णालयात त्वरित न्यावे. आग्यामोहोळ दिसले तर धूर न करता, आरडाओरडा न करता मागे फिरावे.

तरुणांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. पडक्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणारा आणि तिची वीट घरी नेणारा हा जिज्ञासू नव्हे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, ही तरतूद २०१० पासून कायद्यात आहे. मित्रांवर छाप पाडण्यासाठी बुरुजाच्या कडेवर उभे राहून स्वतःचीच छबी टिपणे, ह्यात धाडस नाही आणि कलाही नाही. छायाचित्राखाली गाव, तारीख आणि वास्तूची माहिती लिहिलेली नसेल, तर ते चित्र पुढल्या वर्षी तुम्हांलाही निरुपयोगी ठरेल.

आता पालकांना आमचा प्रस्ताव. येत्या जानेवारीत, पिके उभी असताना आणि ऊन कोवळे असताना, युवक मंडळाची मुले-मुली अशाच एका गढीस भेट देणार आहेत. मालकांची संमती मिळाली आहे, गावालाही कळविले आहे. ज्यांच्या आजोबांनी तो दरवाजा उघडा असताना पाहिला, असे दोन वृद्ध गावकरी माहिती सांगावयास येणार आहेत. आम्ही स्वतः जाणार आहोत. गुडघे कुरकुरतात, म्हणून चौकातच बसू. आमच्याकडे मनाईची मागणी घेऊन आलेल्या प्रत्येक पालकाने त्या दिवशी आमच्यासोबत यावे. ज्यांना येणे जमणार नाही, त्यांनी निदान आपल्या मुलास एवढे सांगावे की, काही बरेवाईट झाले तर प्रथम आम्हांला कळव. रागावणे मागाहून होईल. हे एक वाक्य त्या चार मुलांना आम्ही वेळीच सांगितले असते, तर ते दोन तास वाया गेले नसते.