अठ्ठेचाळीस मतं म्हणजे एक वर्ग

"सर, मॉनिटर तुम्हीच ठरवा ना!" उर्दू माध्यमाच्या नववीच्या वर्गाला मी निवडणूक घेऊ म्हटलं, तेव्हा पहिलं उत्तर हे आलं. तरी घेतली. खोक्याची मतपेटी, गुप्त चिठ्ठ्या, बोटाला शाई.

एक मुलगा मत न देता बसून राहिला. "एका मतानं काय होतं?" हे वाक्य त्याचं नाही, आपल्या घराघरांतलं आहे. मी फळ्यावर ४८ लिहिलं. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत, म्हणजे अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या आपल्याच भागात, रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी पुढे राहिले. दोघांना मिळून नऊ लाखांवर मतं, आणि फरक एका वर्गाच्या पटाएवढा! मुलगा उठला, चिठ्ठी टाकून आला.

एक मुलगी निवडून आली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सर, मी करायचं काय? बोलणाऱ्यांची नावं लिहायची?" मी ओशाळलो. निवडून आलेल्याला अधिकारच नसेल, तर मुलं लोकशाही नव्हे, नाटक शिकतात. आता वर्गाच्या तक्रारी मुख्याध्यापकांपुढे तीच मांडते.

पालकांनो, पुढचं काम आपलं. १७ वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. नाव यादीत येतं ते १८ पूर्ण झाल्यावर. मतदानाच्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून हळहळण्यापेक्षा, बारावीच्या फॉर्मबरोबर हाही फॉर्म भरून टाका.