आधी गांजा सोडा, मग औषध?

हिपॅटायटिस सीचा रुग्ण गांजा ओढत असेल तर त्याच्यावर विषाणूनाशक गोळ्या वाया घालवू नयेत, असे एका डॉक्टरमहाशयांनी अलीकडे व्याख्यानात ठासून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गांजाने यकृताला व्रण पडतात हे परदेशात सिद्ध झाले आहे, व्यसनी माणूस गोळ्या नेमाने घेत नाही, बरा झाला तरी तो पुन्हा रोग ओढवून घेतो, म्हणून आधी व्यसनमुक्ती, मग उपचार. श्रोत्यांना यात शिस्त दिसली. मला दिसला तो रुग्णाला दारातून परत पाठवण्याचा सभ्य बहाणा.

पहिला मुद्दा त्यांचा हुकमाचा एक्का, म्हणून तोच नीट पाहू. त्यांनी दाखला दिलेला फ्रान्समधला २००५ सालचा अभ्यास खरा आहे. २७० रुग्णांच्या यकृताचा तुकडा काढून तपासला आणि रोज गांजा ओढणाऱ्यांत व्रण जास्त दिसले. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०४ जणांतही तसेच आढळले. पण या अभ्यासांत यकृत पाहिले ते एकाच टप्प्यावर, आणि गांजाचा हिशेब रुग्णाने आठवून सांगितला. आधी काय घडले आणि नंतर काय, हे एवढ्यावरून कसे ठरणार? हा आजार वर्षानुवर्षे अंगात मुरतो. थकवा जात नाही, मळमळते, अन्नावरची वासना उडते, झोप लागत नाही. अशा माणसाला गांजाने चार घटका बरे वाटते. दुखणे वाढते तशी चिलीमही वाढते. मग यकृत चिलमीने बिघडले, की बिघडत्या यकृताने माणसाला चिलमीकडे ढकलले? हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. कॅनडात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या, पण यकृत फारसे न बिघडलेल्या ६९० जणांचा पुढे मागोवा घेतला गेला. निष्कर्ष २०१३ साली आले. सिरॉसिसशी गांजाचा संबंध मुळातच क्षीण दिसला होता. निदानाच्या सहा ते बारा महिने आधीचे गांजाचे प्रमाण धरले, तेव्हा तोही उरला नाही. जास्त ओढणाऱ्याचे यकृत जास्त बिघडले, असेही दिसले नाही. अमेरिकेत हेच दोन्ही आजार असलेल्या ५७५ स्त्रियांवर सरासरी अकरा वर्षे लक्ष ठेवले. २०१६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात व्रण वाढण्याशी गांजाचा संबंध सापडला नाही, दारूचा सापडला. व्याख्यात्यांनी २००५ साल घोळवून सांगितले आणि पुढची सगळी वर्षे गिळून टाकली. रुग्णाच्या आयुष्याशी गाठ असताना अर्धाच पुरावा मांडणे मला अक्षम्य वाटते.

गांजातल्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या, उंदरांच्या यकृतातल्या ग्राहींचा दाखलाही त्यांनी दिला. त्यांतला एक व्रण वाढवतो तर दुसरा रोखतो, हे मात्र सांगितले नाही.

नेमाचा मुद्दा जुनाच. इंटरफेरॉनच्या काळात त्यावर पुष्कळ भांडण झाले आहे. तेव्हा सहा महिने ते वर्षभर टोचून घ्यावे लागे, ताप येई, मन खचे; रुग्णाला पेलेल का, ही काळजी समजण्यासारखी होती. तरीही कॅलिफोर्नियातल्या ७१ रुग्णांच्या २००६ सालच्या छोट्या अभ्यासात गांजा घेणारेच उपचारावर जास्त टिकले. आता तर बहुतेकांचे बारा आठवड्यांच्या गोळ्यांत भागते, शंभरात नव्वदांहून अधिक बरे होतात आणि २०१८पासून सरकारी कार्यक्रमात औषध फुकट मिळते. काळजीचे कारण संपले, अट तेवढी शिल्लक आहे. आणि ही अट सर्वांना सारखीही नाही. होळीला भांगेचा घोटा पिणाऱ्या प्रतिष्ठित घरच्या रुग्णाला हे कोण विचारते? अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने भांगेची पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली, पण वनस्पती तीच आहे.

पुन्हा लागण होते ती रक्तातून, वापरलेल्या सुईतून. धुरातून नव्हे.

गांजावरचा आरोप टिकला नाही, यावरून विजयेचे, म्हणजे त्याच वनस्पतीचे, अर्क यकृताचे टॉनिक म्हणून विकणाऱ्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. गांजातले कॅनाबिडिऑल मोठ्या मात्रेत यकृताची एन्झाइम्स वाढवते, आणि विषाणू तर कुठल्याच अर्काने जात नाही.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच बारा वर्षांवरील सर्व रुग्णांना उपचार द्या म्हटले. त्यात नशेची अट नाही. गांजाबद्दल जरूर विचारावे, पण धमकावून नव्हे, कारण घाबरलेला रुग्ण खोटे सांगतो आणि एचआयव्हीच्या औषधांशी होणारी गुंतागुंत मग लपून राहते. दारू थांबवण्यावर सगळा जोर द्यावा. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासावा, नाहीतर दबलेला बी उसळू शकतो. तो नसेल तर लस द्यावी. गांजा सोडायचा असेल त्याला मदत त्याच खोलीत मिळावी, गोळ्या सुरू असताना.