बेणारे त्या वेळी कुठे उभी असते?



तुमच्यापैकी काहीजण दिवसा नोकरी करून संध्याकाळी एखाद्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला जात असतील. राज्य नाट्यस्पर्धा जवळ आली की तालमी मध्यरात्रीपर्यंत लांबतात, स्वाध्याय मागे पडतात आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘‘आधी परीक्षा दे, मग कर काय ती नाटके.’’ आपल्या भाषेत ‘नाटके करणे’ या शब्दप्रयोगाला जो अर्थ चिकटला आहे, तोही त्या बोलण्यात मिसळलेला असतोच. त्यामागील काळजी खरी आहे. परंतु मराठीचा अभ्यास आणि नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातील गृहीत मला मान्य नाही.

मलाही हे उशिरा कळले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक मी अनेक वर्षे शिकवीत होतो. कथानक, स्वभावरेखा, संघर्ष, भाषाशैली असे ठरलेले मुद्दे सांगत असे. एका रविवारच्या संपर्कसत्रात, दिवसा दुकानात काम करून रात्री तालमी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, सगळे साक्ष देत असताना बेणारे कुठे उभी असते?’’ मला उत्तर देता आले नाही.

1967 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील लीला बेणारे ही शिक्षिका. तिच्याच नाट्यमंडळातील माणसे एका गावच्या सभागृहात, सरावासाठी आणि वेळ घालविण्यासाठी, लुटूपुटूचा खटला मांडतात व तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. पाहता पाहता खेळाची शिकार होते. तिसऱ्या अंकात साक्षींमागून साक्षी होतात आणि बेणारे बहुतेक वेळ गप्प असते. पुस्तकात जो बोलत नाही, तो पानावर दिसतही नाही. तिचे नाव ओळीच्या आरंभी येत नाही, म्हणून आपण तिला विसरतो. रंगमंचावर मात्र ती सर्वांच्या नजरेसमोर असते; साक्षीदार बोलत असतो आणि प्रेक्षक पाहतो तिच्याकडे. बाजारातील गाइडमध्ये हे मौन सापडत नाही, कारण त्याचे अवतरण देता येत नाही.

शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. त्यानंतर तिचे दीर्घ स्वगत येते. इतर पात्रे गोठल्यासारखी स्तब्ध असतात. स्वगत संपताच ती पुन्हा हलू लागतात, आणि आरोपीला काही सांगायचे नाही असे ठरते. मग ती बोलली की नाही? वाचकाला हा प्रश्न पडेलच असे नाही. ज्याला सुखात्मे म्हणून तेथे स्तब्ध राहायचे आहे, त्याला तो टाळता येत नाही. आपण हे ऐकतो आहोत का, हे त्याला तालमीतच ठरवावे लागते.

तालमीवाल्यांचेही एक दुबळेपण येथे सांगायला हवे. स्वतःची नक्कल पाठ, आधीच्या नटाचे शेवटचे वाक्य ठाऊक, बाकीचे नाटक विंगेत उभे राहून ऐकलेले! संपूर्ण संहिता एकदाही न वाचता प्रयोग पार पाडणारे नट मी पाहिले आहेत. याच नाटकाच्या आरंभी दाराची कडी बेणारेच्या बोटाला लागते. दुसऱ्या अंकात ती बाहेर पडू पाहते, तेव्हा तेच दार बाहेरून लागलेले असते. हा धागा हाती येण्यासाठी दिव्याखाली बसून, पाने मागेपुढे करीत वाचावेच लागते. तेथे टाळ्या नसतात, एवढेच.

पुढच्या संपर्कसत्राला तुम्ही पाच-सहा जण तासभर आधी अभ्यासकेंद्रावर या. तिसरा अंक मोठ्याने वाचा. बेणारेची वाक्ये जिच्या वाट्याला येतील तिला मधोमध उभे करा, आणि बराच वेळ बोलायला काही नाही म्हणून तिला खाली बसू देऊ नका. वाचन संपल्यावर प्रथम तिलाच विचारा, तिला काय काय ऐकू आले ते.