खळीचा स्टार्च आणि औषधाची गोळी

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकाला स्टार्च म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सायझिंगमध्ये सुताला खळ दिली जाते ती मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची. सेलमचा टॅपिओका, खानदेशचा मका ही नावे आपल्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली. पण हाच स्टार्च औषधाच्या गोळीतही जातो, आणि तिथे त्याचा भाव वजनापेक्षा शुद्धतेवर ठरतो. याकडे आपण लक्ष कधी देणार?

साधा स्टार्च गोळीतील भुकटी बांधून ठेवतो आणि पोटात पाणी लागताच फुगून गोळी फोडतो. परंतु काही औषधे दिवसभर थोडीथोडी मिळावी लागतात. तिथे गोळी चटकन फुटून चालत नाही. स्टार्चमध्ये सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्यांचे अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. साध्या मक्यात अमायलोज सुमारे पाव हिस्सा असते. काही खास वाणांत ते निम्म्याहून अधिक भरते. अशा स्टार्चच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना जोडल्या की ओल्या गोळीभोवती घट्ट जेलचा थर तयार होतो आणि औषध त्यातून हळूहळू झिरपते. कॅनडातील लॅबोफार्म कंपनीने अशा स्टार्चवर बनवलेल्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये मंजुरी मिळाली.

आपल्याला याचे मोल दुहेरी आहे. रमजानमध्ये तीन वेळांच्या गोळ्या इफ्तार ते सहरीत बसवताना रुग्णाची ओढाताण होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक वेळची गोळी मिळाली तर रोजा सोपा जातो. मात्र अशी गोळी कधीही तोडून वा कुटून घेऊ नये. दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. दुसरे असे की, कॅप्सूलचे जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते आणि ते डुकराचेही असू शकते. स्टार्च शेतातून येतो. तरी स्टार्च आहे म्हणून अख्खी गोळी हलाल, असे समजू नये. गोळीतील मॅग्नेशियम स्टिअरेट प्राण्यांच्या चरबीपासूनही बनते. विचारपूस करणे आपले काम आहे.

उद्याच कारखाना काढा, असे आमचे म्हणणे नाही. स्टार्चवर प्रक्रिया करायला मोठे भांडवल, प्रयोगशाळा आणि परवाने लागतात. पण औषधी दर्जाच्या स्टार्चचा पुरवठा ही पहिली पायरी व्यापाऱ्याच्या आवाक्यातली आहे. त्यासाठी कोरडे, स्वच्छ गोदाम हवे, प्रत्येक पोत्याचा बॅच क्रमांक हवा, तपासणीचा दाखला हवा आणि इंडियन फार्माकोपियाचे निकष माहीत असणारा माणूस हवा. खळीचा माल औषधाच्या नावाने विकण्याचा मोह मात्र कुणी धरू नये. मापात खोट करणाऱ्याला कुरआनने कडक इशारा दिला आहे. इथे तर खोट रुग्णाच्या पोटात जाते.

माणसे कुठून आणायची? पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, अक्कलकुव्यात आपल्या संस्थांची फार्मसी महाविद्यालये आहेत. तिथून निघालेला मुलगा मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभा राहतो आणि आपला व्यापारी पोती मोजत बसतो. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम आपल्या व्यापारी संघटनांनी हाती घ्यावे. बाजार कुणासाठी थांबत नाही.