शनैश्चराचें गांव आणि वेगाचा कांटा

‘शनैश्चर’ म्हणजे हळू चालणारा, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. सूर्याभोंवतीं एक फेरी पुरी करावयास या ग्रहास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. त्याच्याच दर्शनास, नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापुरास, तरुण मंडळी मोटारसायकलच्या वेगमापकावर नजर ठेवून धांवत जातात, हा योग मौजेचा खरा! त्या मापकाच्या जुन्या बाजाराविषयीं आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत गाड्यांचे जुने सुटे भाग विकावयास असतात. त्यांत हे ‘स्पीडोमीटर’ही आले. जुन्या धाटणीच्या मापकांत चाकापासून आलेली तार एक लोहचुंबक फिरविते. त्यामुळें अल्युमिनियमची वाटी ओढली जाते, स्प्रिंग तिला आवरते, आणि या ओढाताणींत कांटा वेग दाखवितो. ओटो शुल्झे यानें १९०२ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. घेणारानें मापक आपल्या गाडीच्या चाकाशीं जुळतें कीं नाहीं तें पाहावें. आंकडे मैलांचे कीं किलोमीटरचे, हेंही पाहावें. मैलांच्या तबकडीवर ४० दिसले, म्हणजे गाडी ताशीं ६४ किलोमीटर धांवत असते!

परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. गाडी एकंदर किती धांवली, तो आंकडाही मापकांतच असतो. साठ हजार किलोमीटर धांवलेल्या गाडीस नऊ हजारांचें मापक बसवून ती विकली, तर आंकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या गाडीचा असतो, इतकेंच. धर्मराजाचें अश्वत्थाम्याविषयींचें बोलणें याच जातीचें होतें. घेणारा त्या आंकड्यावर विसंबतो, झिजलेले ब्रेक तपासीत नाहीं, आणि गांठ जिवाशीं पडते. मापक बदलणें यांत दोष नाहीं. तें लपवून किंमत घेणें ही फसवणूक होय.

शिंगणापुरांतील घरांना दारें नसतात, अशी त्या गांवाची ख्याति. २०११ सालीं युको बँकेनेंही तेथें कुलुपाविना शाखा उघडली. देवाच्या धाकानें चोर उंबऱ्याबाहेर राहील. पण विकणाऱ्याच्या मनांतील गोष्ट त्याची त्यानेंच उघडी केली पाहिजे.

म्हणून घरांतील मुलानें जुनी गाडी विकावयास काढली, तर वडील मंडळींनीं एवढें करावें : मापक बदललें असल्यास जुना आंकडा, नवा आंकडा व तारीख पावतीवर लिहवून घ्यावी. शनिवारीं लोखंड खरेदी करूं नये असा प्रघात पुष्कळ घरांतून आहे. ज्यांस तो पाळावयाचा त्यांनीं अवश्य पाळावा. खरें सांगण्यास मात्र कोणताच वार वर्ज्य नाहीं.